घराला एक पावसाळा पाहू द्या

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव अशा गावांच्या शिवेवर नवे फलक दिसू लागतात. तीस बाय चाळीसचा प्लॉट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे लोखंडी फाटक, गच्चीवर काळी टाकी. 'तयार रो-हाउस, कर्जाची सोय, लगेच ताबा'. एवढ्या पैशांत पुण्यात एक खोलीही धड येणार नाही, हे विक्रेत्याला सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक ते स्वतःच स्वतःला सांगत असते. शिक्षक, एसटीचे कर्मचारी, नर्स, पतसंस्थेतले कारकून आणि बाहेरगावी नोकरी करून आईवडिलांसाठी इकडे घर पाहणारी मुले हे या घरांचे मुख्य ग्राहक. यातल्या बहुतेकांची ही आयुष्यातली पहिली आणि शेवटची घरखरेदी. बांधकाम दिवाळीनंतर सुरू होते, कारण मजूर मिळतात आणि पाऊस आडवा येत नाही. ताबा गुढीपाडव्याचा नाहीतर अक्षय्यतृतीयेचा, कारण मुहूर्त असतो. म्हणजे घर बांधून, रंगवून, विकून होते आणि तोवर त्याच्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो. माझे म्हणणे इतकेच आहे की बुलढाणा जिल्ह्यात अशा घराचा नवेपणा हाच त्याचा सर्वांत कच्चा भाग आहे. मध्यम मिळकतीच्या कुटुंबाने घर जरूर घ्यावे, पण कोरे घेऊ नये. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या भिंतींवरून आणि त्या बोअरवरून जाऊ द्यावा, तोवर भाड्याने राहावे. हा सल्ला कोणालाच आवडणार नाही, याची कल्पना आहे.

तो देण्याचे पहिले कारण पायाखाली आहे. जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांना ठाऊक आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. इथे बऱ्याच ठिकाणी थोड्या खोलीवर मुरूम किंवा खडक लागतो, मात्र नदी-नाल्यांच्या काठी तिथेही काळ्या मातीचा जाड थर असतो. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बऱ्याच शिवारांत खोल काळी माती. कपाशीला हीच माती लक्ष्मी, घराला मात्र वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आटून हात जाईल एवढ्या भेगा देते. ही हालचाल वरच्या वीतभर थरापुरती नसते. आपल्याकडच्या काळ्या मातीत ती साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते, असे अभियंते धरतात, म्हणूनच रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर पाय असलेल्या छोट्या पाइलची पद्धत विकसित केली. एवढा खर्च करायचा नसेल तर काळी माती उकरून काढणे, मुरमाचा भराव दाबून घालणे, कॉलम पक्क्या थरापर्यंत नेणे, जोत्याला तुळई देणे आणि घराभोवती पाणी मुरणार नाही असा फरशीचा पट्टा करणे, हे किमान उपाय आहेत. यातले एकही काम घर तयार झाल्यावर दिसत नाही.

आणि जे दिसत नाही तिथेच पैसा वाचवला जातो. यात कोणाला लबाड ठरवण्याची गरज नाही. स्वस्त घराचा हिशेबच तसा असतो: दिवाणखान्यातली टाइल्स, पीओपीचे छत, दाराचे पॉलिश यांवर ग्राहकाची नजर जाते, म्हणून तिथे हात आखडता येत नाही, पण जोत्यात मुरूम भरला की पाया खणताना निघालेली तीच काळी माती परत ढकलली, हे कोण विचारतो? जुने गवंडी जोते बांधून एक पावसाळा तसेच सोडत, भराव बसू देत, मग भिंती चढवत. त्यामागे पैशांची ओढाताण असायचीच. या हंगामाच्या पैशांत जोते, पुढच्या हंगामात स्लॅब, असे घर वाढत असे. पण त्या ओढाताणीमुळे का होईना, मातीची परीक्षा आपोआप होऊन जायची. चार-पाच महिन्यांत उभ्या केलेल्या घराची ती परीक्षा खरेदीखतानंतर होते, आणि तिचा खर्च खरेदीदाराच्या अंगावर पडतो. श्रावणात दारे चौकटीला घासू लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, मधली फरशी उचलते, बाहेरचा जिना मुख्य भिंतीपासून सुटतो, कुंपणाची भिंत झुकते. गिलाव्याची केसाएवढी चीर वेगळी आणि ही भेग वेगळी. पहिली लांबीने बुजते, दुसरी दरवर्षी परत येते. दिवाळीपर्यंत थांबणाऱ्याला ती फुकटात पाहायला मिळते, फार तर एखाद्या अभियंत्याची फी द्यावी लागते.

दुसरी परीक्षा उन्हाळ्याची. जाहिरातीत 'चोवीस तास पाणी' असते आणि जानेवारीत बोअरची मोटर लावून दाखवतात तेव्हा ते खोटेही नसते. पण जानेवारीतल्या बोअरवरून मे महिन्याचा अंदाज बांधणे भेंडवळच्या घटमांडणीच्या भाकितापेक्षाही धाडसाचे आहे. घाटावरचा खडक बेसाल्टचा. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे एका प्लॉटच्या बोअरला पाणी आणि शेजारच्याला नुसती धूळ, हे नेहमीचे. शिवाय पहिली दहा घरे राहायला आल्यावर जे बोअर पुरते, ते चाळीस घरे भरल्यावर पुरेलच असे नाही. नळाचे म्हणाल तर बुलढाणा शहर येळगाव धरणावर आणि खामगाव ज्ञानगंगेवर अवलंबून आहे. जिल्ह्यातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या नव्या वस्तीपर्यंत जलवाहिनी कधी पोचेल ते फलकावर लिहिलेले नसते. टाकी बांधून तिला नळ जोडलेला दाखवला म्हणजे पाण्याची सोय झाली, असे होत नाही. मे महिन्यात त्या वस्तीत दोनदा फेरी मारली, दारात टँकर उभे आहेत का पाहिले आणि राहणाऱ्या बायकांना विचारले, तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते.

घाटाखाली प्रश्न पाणी किती एवढाच नाही, कसे आहे हाही आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला पूर्णेचा खारपाणपट्टा ही काही नवी बातमी नाही. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांसाठी पाणीपुरवठा योजना करावी लागली ती याच खाऱ्या पाण्यामुळे, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची या भागातली चर्चाही जुनी आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, आणि नायट्रेट ४५ च्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. २०२४-२५ च्या हिवाळ्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला आणि तपासणीत नायट्रेट व क्षार मर्यादेबाहेर आढळले. पुढे चर्चेचा रोख गव्हातल्या सेलेनियमकडे वळला, म्हणजे केसांच्या बाबतीत पाणी कदाचित निर्दोष असेल. पण एरवी तपासले न गेलेले ते पाणी पिण्याजोगे नव्हते, हे त्या निमित्ताने कळले! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत थोडक्या शुल्कात पाण्याचा नमुना तपासून मिळतो. घरासाठी लाखो रुपयांचे कर्ज काढणारे कितीजण हा नमुना देतात?

याच ठिकाणी माती आणि पाणी एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वस्तीला भुयारी गटार नसते, म्हणून प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांच्यात किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट अंतर असावे, असे मानक सांगते. आता तीस बाय चाळीसचा प्लॉट घ्या. त्याचा कर्ण ५० फूट भरतो. एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला तरी अंतर पुरत नाही, आणि शेजाऱ्याचा खड्डा तर कुंपणाला लागूनच असतो. म्हणजे अशा प्लॉटवर स्वतंत्र बोअर देऊ करणारी योजना कागदावरच नियमात बसत नाही. त्यासाठी सामाईक स्रोत वस्तीच्या एका टोकाला हवा. त्यातून घाटाखालची चिकण माती पावसाळ्यात एकदा फुगली की आणखी पाणी शोषतच नाही, मग शोषखड्डा तुंबतो आणि मैलापाणी रस्त्याच्या कडेने वाहू लागते. हे दृश्य जुलै-ऑगस्टमध्ये दिसते. मार्चमध्ये ताबा घेणाऱ्याला ते दिसण्याची सोयच नाही.

आता आक्षेप. सर्वांत मोठा म्हणजे थांबलो तर भाव वाढतील. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये महामार्ग मुंबईच्या दारापर्यंत गेला. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांत त्याच्या कडेला नवनगरे आखली गेली. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजी अमलापासूनची, तीही आता फलकांवर झळकते. या आशा खोट्या आहेत असे नाही. पण त्यांचा लाभ जमिनीला होतो, भिंतींना नाही. भिंती दरवर्षी जुन्याच होतात. आणि रो-हाउसच्या किमतीत जमिनीचा वाटा एका छोट्या प्लॉटपुरता, तोही अशा जागी जिथे पलीकडच्या शेतात उद्या आणखी चार ले-आउट पडू शकतात. सरकारचे स्वतःचे अनुमान पाहा. रेडी रेकनरचे दर २०२२ नंतर थेट १ एप्रिल २०२५ रोजी वाढवले, तेव्हा सरासरी वाढ ग्रामीण भागात ३.३६ टक्के आणि नगरपालिका-नगरपंचायत क्षेत्रात ४.९७ टक्के होती. तीन वर्षांनंतर एवढी. रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मान्य. महामार्गाच्या चौफुलीजवळ भाव कितीतरी चढले असतील. पण चौफुलीजवळचा भाव आणि मेहकरच्या मागच्या गल्लीतला भाव एक नसतो. २० लाखांचे घर वर्षभरात पाच टक्क्यांनी महागले असे धरले तरी फरक लाखाचा. फसलेला पाया दुरुस्त करायचा तर लाखात भागत नाही.

भाड्याचे पैसे वाया जातात, हा दुसरा आक्षेप, आणि तो आपल्याकडे जवळजवळ धर्मवचनासारखा उच्चारला जातो. आकडे मांडून पाहू. समजा १५ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षे. हप्ता सुमारे साडेतेरा हजार. पहिल्या वर्षात बँकेला सुमारे १ लाख ६२ हजार जातात. त्यातले १ लाख ३४ हजार व्याज आणि जेमतेम २८ हजार मुद्दल. महिना पाच हजार भाडे धरले तर वर्षाचे साठ हजार होतात. भाडे वाया जात असेल तर पहिल्या वर्षीचे व्याज त्याच्या दुपटीहून जास्त वाया जाते, फक्त ते घरमालकाऐवजी बँकेला जाते म्हणून खुपत नाही. हप्ता आणि भाडे यांतला फरक वर्षभर आवर्ती ठेवीत टाकला, तर एक लाखाच्या आसपास रक्कम हाती राहते. घर महागले तरी तो फरक बहुतेक तिथेच भरून निघतो. ज्याला खरोखर पाच हजारांत भाड्याचे घर मिळत नाही त्याचे गणित वेगळे असेल. पण तो आकडा प्रत्येकाने आपल्या गावचा घालून पाहावा, मेहुण्याच्या पुण्यातल्या भाड्याचा नव्हे.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि वजनदार आहे. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा मे २०१७ पासून काम करते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, नोंदणीकृत साठेखताशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असे त्यात स्पष्ट आहे. मग पावसाळ्याची वाट कशाला पाहायची? पण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. आपल्याकडची स्वस्त घरे नेमकी अशा सहा-आठ घरांच्या ओळीतच बांधली जातात. मग उरतो ग्राहक आयोग, आणि तिथे भेग जमिनीमुळे पडली की तुम्ही अंगणात झाडे लावून पाणी घातल्यामुळे, यावर वाद घालत बसायचे. नोंदणी असली तरी पाच वर्षांनी बिल्डरची भागीदारी फर्म त्याच पत्त्यावर सापडेल का, हा प्रश्न उरतोच. कायदा दोष निघाल्यावर कामाला येतो. पावसाळा तो आधीच दाखवतो.

सवलती निघून जातील, ही भीतीही विक्रेते घालतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी सुरू झाली. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असेल तर व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत आहे, म्हणजे वर्षभर थांबल्याने सगळे बुडेल असे नाही. उलट 'शहरालगत' म्हणून विकले जाणारे घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ते या शहरी योजनेत बसते का, हे आधी लेखी विचारायला हवे. जीएसटीचे गणित तर थांबणाऱ्याच्याच बाजूचे: बांधकाम चालू असताना परवडणाऱ्या घरावर १ टक्का, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर शून्य. कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा हे सगळेच सांगतात. एवढेच ध्यानात ठेवावे की ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. आणि तुकडेबंदीतून सूट देण्याची जी घोषणा सरकारने जुलै २०२५ मध्ये केली, तिच्यामुळे फार तर गुंठ्याचा व्यवहार कायदेशीर होईल, तिथे रस्ता आणि नाली येणार नाही. वर्षभरात फेरफार झाला का, अकृषक आदेशातल्या अटी पाळल्या का, ले-आउटमधले रस्ते आणि मोकळी जागा पालिकेने ताब्यात घेतली का, हेही आपोआप उघड होते.

शेवटचे दोन आक्षेप मला खरे अडचणीचे वाटतात. एक, काळ्या मातीचा खेळ एका वर्षात संपत नाही. एखादी भेग तिसऱ्या वर्षीही उघडते, विशेषतः पहिला पावसाळा ओढीचा गेला असेल तर. बरोबर आहे. एक पावसाळा सगळे सांगत नाही. पण ज्या घराचा भराव अजिबात दाबलेला नाही, ज्याचा शोषखड्डा तुंबतो, ज्याचे बोअर एप्रिलमध्ये आटते, ती घरे पहिल्याच वर्षी उघडी पडतात, आणि नुकसान मोठे होते ते तिथेच. दोन, सगळ्यांनीच थांबायचे ठरवले तर पहिला पावसाळा काढणार कोण? बिल्डरचा पैसा वर्षभर अडकला तर तो त्याचे व्याज घराच्या किमतीत चढवणार. आणि ज्याचे आजचे छप्पर पत्र्याचे, गळके आहे, त्याला थांबा म्हणणे सोपे नाही. अशा माणसाने घर आत्ता घ्यावे, पण सगळे पैसे आत्ता देऊ नयेत. सार्वजनिक बांधकाम विभाग रस्त्याचे काम देतो तेव्हा दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत कंत्राटदाराची सुरक्षा ठेव सोडत नाही. सरकार स्वतःच्या रस्त्यासाठी ही काळजी घेते. घर घेणारा कारकून मात्र शेवटचा रुपया किल्लीच्या आधी मोजतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली विक्रीची व्याख्याच सांगते की किंमत पूर्ण दिलेली, देण्याचे कबूल केलेली किंवा काही दिलेली आणि काही कबूल केलेली अशी असू शकते. राहिलेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा त्या मालमत्तेवर बोजाही तोच कायदा मानतो. तेव्हा किमतीच्या पाच-दहा टक्के रक्कम पुढच्या दिवाळीला देण्याचे कलम खरेदीखतात घालण्यात बेकायदेशीर काहीच नाही. कर्ज देणाऱ्या बँकेला असा बोजा नको असेल तर तिच्या संमतीने ती रक्कम दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशा ठेवीत ठेवावी. ताब्याच्या दिवशी एखाद्या अभियंत्यासमोर भिंतींचे, फरशीचे, जिन्याच्या सांध्याचे तारीख असलेले फोटो काढून दोघांनी सह्या कराव्यात, बोअरच्या पाण्याचा अहवाल जोडावा, आणि दिवाळीत तोच अभियंता घेऊन पुन्हा फेरी मारावी. लाख-दोन लाख रुपये आठ महिने अडकून पडणे बिल्डरला न झेपण्यासारखे नाही. त्याचे आठ महिन्यांचे व्याज तो किमतीत धरणार असेल, तर तेवढे द्यायला हरकत नसावी.